एप्रिलच्या गारठ्यात एकट्याने पहिला हिमालय: आधी रात्रीचे मुक्काम ठरवा, मग वाट

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: सह्याद्रीत काही वर्षं नियमित भटकंती झाली आहे, राजगड-तोरणा झाला आहे, गडांवर तंबूत मुक्कामही झाले आहेत. आता एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एकट्यानेच, तंबू पाठीवर घेऊन उत्तराखंडात सारी गाव, देवरियाताल हा तलाव, रोहिणी बुग्याल (बुग्याल म्हणजे उंचावरचं गवताळ कुरण), चोपता, तुंगनाथ मंदिर, चंद्रशिला शिखर असं चार-पाच दिवस जायचं आहे. उणे दहाची स्लीपिंग बॅग लागेल का, सॅक किती किलोची असावी आणि एकट्याने जाणं शहाणपणाचं आहे का, असं तुम्ही विचारलं आहे.

बॅग आणि वजन यांची उत्तरं आकड्यांत देता येतात, ती पुढे दिली आहेत. चालण्याची मला काळजी वाटत नाही. राजगड-तोरणा करणाऱ्याला ही वाट पायांना जड नाही. तुम्ही अजून न केलेली गोष्ट वेगळी आहे. दुपारच्या गारांत भिजलेल्या, दमलेल्या अंगाने संध्याकाळी एकट्याने तंबू उभा करायचा आणि अंगात पुन्हा ऊब आणायची. सह्याद्रीत ओल्या कपड्यांत झोपलं तर रात्र वाईट जाते, इतकंच. अडीच हजार मीटरवर तीच गोष्ट जिवावर बेतू शकते. म्हणून पहिल्यांदा एकट्याने निघणाऱ्याला मी नेहमी सांगतो, की वाट नंतर आखा. कुठली रात्र कुठे काढणार आणि ती बिघडली तर दोन तासांत कुठल्या छपराखाली पोचणार, हे आधी लिहून काढा.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. त्या वर्षी बर्फ किती उशिरापर्यंत राहिला, तुम्हाला स्वतःला थंडी किती बाधते, आणि वनखात्याचे त्या हंगामातले नियम काय आहेत, यावर तपशील बदलतील. देवरियातालचा परिसर वनखात्याच्या ताब्यात आहे आणि तुंगनाथचा भाग केदारनाथ वन्यजीव अभयारण्यात येतो. परवानगी, शुल्क, तंबूची जागा हे सारं सारी गावात आणि वनखात्याच्या चौकीवर विचारूनच ठरवायचं. ब्लॉगवर तीन वर्षांपूर्वी कुणी काय लिहिलं त्यावर विसंबू नका.

आता थंडीचा हिशेब. उंची वाढते तसं तापमान दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. ऋषिकेश जेमतेम साडेतीनशे मीटरवर आहे आणि देवरियाताल साधारण २,४०० मीटरवर. ऋषिकेशला पहाटे १८ अंश असतील, तर तलावाशी पाच अंशांच्या आसपास धरा. चोपता सुमारे २,७०० मीटरवर, म्हणजे आणखी दोन अंश खाली. आकाश निरभ्र असेल तर जमिनीची उष्णता भराभर निघून जाते आणि गवतावर दहिवर गोठलेलं दिसतं. तुंगनाथ-चंद्रशिलेच्या उंचीचे वेगवेगळे आकडे फलकांवर आणि नकाशांवर सापडतात. तुम्ही साडेतीन ते चार हजार मीटर धरून तयारी करा. तिथे तुम्ही फक्त दिवसा असणार आहात.

म्हणजे कोरड्या रात्री शून्य ते पाच अंश, वाईट रात्री उणे तीन-चार. हे आकडे स्वतःहून भयंकर नाहीत. पण एप्रिलमध्येही पश्चिमी झंझावात हिमालयावर येत असतात. एखादा आला की दिवस-दीड दिवस पाऊस, वरच्या अंगाला बर्फ आणि तापमानात मोठी घसरण. झंझावात नसला तरी सकाळ लख्ख, अकरा-बारापासून ढग आणि दुपारनंतर गडगडाट, गारा, सरी हा क्रम नेहमीचा. यात सर्वांत घातक हवा कुठली, तर तीन अंश तापमानातला पाऊस आणि वारा. उणे पाचला पडलेला भुसभुशीत बर्फ अंगावरून झटकता येतो. तीन अंशांचा पाऊस कपड्यांत मुरतो आणि वारा अंगातली ऊब ओढून नेतो. बर्फाची भीती सगळ्यांना असते, पावसाची तयारी मात्र अर्धवट असते.

स्लीपिंग बॅगकडे येतो. बॅगेवर ठळक छापलेला आकडा बहुतेक वेळा दिशाभूल करतो. युरोपीय मानकाप्रमाणे (पूर्वीचं ईएन १३५३७, आताचं आयएसओ २३५३७) तपासलेल्या बॅगेवर तीन आकडे असतात: कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम. कम्फर्ट हा सरासरी स्त्रीला आरामात झोप लागेल असा, लिमिट हा सरासरी पुरुष अंग मुडपून कशीबशी रात्र काढेल असा. एक्स्ट्रीम म्हणजे काही तास जीव टिकेल, पण थंडीने इजा होऊ शकेल असा. दुकानात ‘उणे दहा’ म्हणून विकली जाणारी बॅग पुष्कळदा एक्स्ट्रीमचा आकडा मिरवत असते आणि तिचं कम्फर्ट चार-पाच अंशांवर असतं. तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर: कम्फर्ट शून्य किंवा उणे दोन असलेली बॅग घ्या. एरवीही पंखा एकवर ठेवून पांघरूण घेणाऱ्यांपैकी असाल तर उणे पाचची घ्या. बॅगेवर एकच आकडा असेल आणि मानकाचा उल्लेखच नसेल, तर त्या आकड्यात दहा अंश मिळवून येईल तेच खरं माना. आत घालायच्या लायनरने दोन-तीन अंशांचा फरक पडतो, वेष्टनावर काहीही लिहिलेलं असो.

पिसांची बॅग की सिंथेटिक? कोरड्या हवेत पिसं हलकी आणि उबदार, साधारण एक-सव्वा किलोत काम होतं. पण भिजली की पिसांचे गोळे होतात आणि ऊब जवळपास संपते. सिंथेटिक दीड ते पावणेदोन किलो भरते, पण ओलसर झाली तरी काही ऊब धरून ठेवते. एकट्याच्या पहिल्या ट्रेकला, तेही वसंतातल्या सरींत, मी सिंथेटिक सुचवतो. पिसांची आधीच घेतली असेल तर चालेल. मात्र ती सॅकच्या तळाशी तोंड गुंडाळून बंद होणाऱ्या वॉटरप्रूफ पिशवीत हवी. सॅकवरचं रेनकव्हर यासाठी पुरत नाही, कारण पाठीच्या बाजूने पाणी ओघळून आत जातंच.

बॅगेइतकीच महत्त्वाची, पण सगळ्यांत दुर्लक्षित वस्तू म्हणजे मॅट. झोपल्यावर अंगाखालचा बॅगेचा थर दबतो आणि त्याची ऊब जवळजवळ नाहीशी होते. जमिनीपासून वाचवते ती फक्त मॅट. तिचा उष्णतारोध ‘आर’ या आकड्यात देतात. सह्याद्रीत नेतो ती पातळ फोमची मॅट साधारण एकच्या आसपास असते. गोठणबिंदूजवळच्या जमिनीवर तीन किंवा जास्त हवा. दोन मॅट एकावर एक ठेवल्या तर आकड्यांची बेरीज होते. म्हणून दोनच्या आसपासची घडीची फोम मॅट आणि तिच्याखाली तुमची जुनी मॅट हा स्वस्त आणि न फुटणारा उपाय आहे. हवेची मॅट जास्त आरामाची, पण एकट्याने असताना ती रात्री बसली तर हाती काहीच उरत नाही. नेलीच तर पंक्चरच्या ठिगळांसह न्या आणि खाली एक पातळ फोम ठेवाच.

आता एक नियम, जो मी या साऱ्या उत्तरात सर्वांत वर ठेवीन: रात्रीचे कपडे वेगळे. थर्मलचा वरचा-खालचा जोड, जाड लोकरी पायमोजे, कानटोपी. हे सगळं एका वॉटरप्रूफ पिशवीत. ते अंगात घालायचं ते फक्त तंबूत, आणि चालताना कधीच नाही. कसोटी दुसऱ्या दिवशी सकाळी लागते. कालचे कपडे ओले, बर्फासारखे गार असतात आणि अंगातले कोरडे कपडे काढून ते चढवायला हात धजत नाही. तरी चढवायचे. दहा मिनिटं चाललं की ते अंगावरच गरम होतात. कोरडा जोड घालून निघालात आणि अकरा वाजता सर आली, तर त्या रात्रीसाठी तुमच्याकडे काहीही कोरडं नसेल.

तंबू दोन थरांचा हवा, बाहेरचं आवरण जमिनीपर्यंत उतरणारं. महागडा चार ऋतूंचा नको. वादळात तंबू फाटण्यापेक्षा तीन साध्या गोष्टींनी माणसं जास्त भिजतात. खाली अंथरलेली ताडपत्री तंबूच्या कडेबाहेर येते आणि पावसाचं पाणी थेट तळाखाली साठवते. ती सगळीकडून चार बोटं आत दुमडा. बाहेरचं आवरण सैल राहून आतल्या थराला चिकटतं. रात्री झोपण्याआधी दोऱ्या पुन्हा ताणा, कारण ओलं नायलॉन सैलावतं. आणि थंडी वाजते म्हणून झडपा घट्ट बंद केल्या जातात. मग श्वासाची वाफ आतल्या बाजूला साठते आणि पहाटे ठिबकते. वरची झडप उघडीच ठेवायची. जागा निवडताना अगदी खोलगट भाग टाळा, गार हवा तिथेच येऊन बसते. वर वाळकी फांदी लटकत नाही ना, तेही पाहा. मेखा दगडाळ जमिनीत शिरल्या नाहीत तर दोरी मोठ्या दगडाला बांधायची. त्यासाठी आठ-दहा मीटर बारीक दोरी जास्तीची ठेवा.

मुक्कामावर पोचल्यावरचा क्रमही ठरलेला असू द्या, कारण दमलेलं डोकं नवे निर्णय घेत नाही. दुपारी तीनच्या आत पोचायचं. पोचल्यावर बसायचं नाही, आधी तंबू. मग आत जाऊन लगेच कोरडा जोड आणि जाकीट, अंग अजून गरम आहे तोवरच. त्यानंतर गरम काहीतरी पोटात. झोपताना घट्ट झाकणाच्या बाटलीत गरम पाणी भरून ती पायमोज्यात घालून बॅगेत पायाशी. बाटली आधी उलटी करून गळत नाही हे बघा. झोपायच्या आधी तूप घातलेलं काहीतरी किंवा मूठभर शेंगदाणे-गूळ खा. पचनाची ऊब पहाटेपर्यंत पुरते. रात्री लघवीला लागली तर आळस न करता उठा, त्याने झोप मोडते पण दाबून ठेवून ती येतही नाही. मोबाइल, पॉवर बँक आणि पोकळ तंतूंचा वॉटर फिल्टर असेल तर तो, हे सगळं बॅगेत आत. असा फिल्टर एकदा गोठला की आतले तंतू चिरतात, बाहेरून काहीच कळत नाही आणि तो पाणी गाळत असल्याचा फक्त भास राहतो.

हे झाल्यावर वाट. तुमच्या आखणीत मी एक बदल सुचवतो, आणि तो मनापासून सुचवतो. देवरियातालहून रोहिणी बुग्यालमार्गे चोपत्याला जाणारा पंधरा-सोळा किलोमीटरचा जंगलातला टप्पा या खेपेला एकट्याने करू नका. अंतर जास्त आहे म्हणून नाही. खरसू (ओक) आणि बुरांस (लाल फुलांचा ऱ्होडोडेंड्रॉन) यांच्या दाट रानात ढोरवाटा जागोजाग फुटतात, आणि धुकं उतरलं की मळलेली वाट कुठली आणि गुरांची कुठली, हे नवख्याला ओळखू येत नाही. डोंगराच्या धारेवर पाण्याचा भरवसा नाही. काळं अस्वल वसंतात याच रानात फिरत असतं. मध्येच दिवस मावळला तर थांबायला जागा नाही, कारण उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बुग्यालांवरच्या रात्रीच्या मुक्कामावर बंदी घातली, तेव्हा रोहिणी बुग्यालवर तंबू ठोकायचा विचार सोडूनच द्या. आणि मुख्य म्हणजे या टप्प्याच्या मध्यावर तुम्ही दोन्हीकडच्या छपरांपासून सारखेच लांब असता. तो करायचाच असेल तर सारीतून त्या एका दिवसापुरता स्थानिक वाटाड्या घ्या. बाकीचे चार दिवस तुमचे एकट्याचेच राहतात.

त्याऐवजी असं करता येईल. पहिला दिवस ऋषिकेशहून देवप्रयाग, श्रीनगर, रुद्रप्रयाग, उखीमठ करत सारी. गाडीत सात-आठ तास सहज जातात, वाटेत रस्त्याचं काम किंवा दरड असेल तर जास्त. भल्या पहाटे निघालात तर उजेडात पोचाल. सारी दोन हजार मीटरच्या आसपास आहे, मुक्काम गावातल्या घरी. दुसऱ्या दिवशी देवरियाताल. चढ जेमतेम तीन किलोमीटर, ओझ्यासह दोन तास. तंबू ठरवून दिलेल्या जागी, बाकीच्या कॅम्पांपासून हाकेच्या अंतरावर. ही तुमची एकट्याची खरी रात्र, आणि तिची खुबी अशी की काहीही बिघडलं तरी दीड तासात खाली सारीत पोचता येतं. तिसऱ्या दिवशी सकाळी चौखंबा शिखराचं तलावातलं प्रतिबिंब निवांत बघून खाली उतरा आणि गाडीने चोपत्याला जा. तिथे तंबूऐवजी खोली घ्या. चौथ्या दिवशी फक्त छोटी सॅक घेऊन तुंगनाथ आणि जमलं तर चंद्रशिला. पाचवा दिवस राखीव. हा राखीव दिवस कापून त्यात अजून एक ठिकाण घालायचा मोह होईल, पण एकट्याच्या आखणीत मोकळा दिवसच सगळ्यात उपयोगी पडतो.

मुक्कामाची उंची २,०००, २,४००, २,७०० अशी हळूहळू चढत गेल्याने विरळ हवेचा त्रासही आटोक्यात राहतो. तरीही डोकं ठणकत असेल आणि सोबत मळमळ असेल, तर त्या दिवशी वर जायचं नाही. खाली उतरूनही बरं वाटत नसेल तर रस्त्याला लागायचं. या त्रासावरच्या गोळ्या घ्यायच्या की नाही हे निघण्याआधी तुमच्या डॉक्टरांना विचारा, सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असेल तर तेही सांगा.

चोपता ते तुंगनाथ साडेतीन-चार किलोमीटर फरसबंद वाट आहे. एप्रिलच्या सुरुवातीला मात्र तिच्यावर जागोजाग बर्फ असू शकतो. मंदिर बंद असतं, देव अजून खाली मक्कूमठ गावात, हिवाळी मुक्कामीच असतात, आणि वाटेवरच्या टपऱ्यांचा भरवसा धरायचा नाही. सकाळी बर्फ काचेसारखा कडक, दुपारी मऊ होऊन पाय गुडघ्यापर्यंत आत. म्हणून बुटांवर चढवायचे खिळ्यांचे पट्टे लागतात. तिथले दुकानदार त्यांना सरसकट ‘क्रॅम्पॉन’ म्हणतात आणि भाड्याने देतात. ओल्या खडकावर चालणारे आपले सह्याद्रीचे बूट गोठलेल्या फरसबंदीवर टिकत नाहीत. पहाटे अंधारात एकट्याने निघण्यापेक्षा सहाच्या सुमारास उजाडल्यावर निघा. सूर्योदय हुकेल, पण रानातल्या जनावरांची वेळ टळेल आणि बर्फ दिसेल. जिथे असाल तिथून दुपारी बाराला मागे फिरायचं, माथा पन्नास मीटरवर दिसत असला तरी. तुंगनाथच्या पुढची सोंड बर्फाने पूर्ण झाकलेली असेल आणि आदल्या दिवसाच्या पायखुणा नसतील, तर मंदिरापाशीच ट्रेक पूर्ण झाला असं समजा. गडगडाट ऐकू आला की धार सोडून खाली उतरायला लागा. एकट्या उंच झाडाखाली थांबू नका, काठ्या हातात उभ्या धरून चालू नका.

चालतानाच्या कपड्यांबद्दल एवढंच, की सुती काहीही नको. अंतर्वस्त्रं आणि पायमोजेही सुती नकोत. आत पॉलिस्टर किंवा लोकरीचा पातळ थर, वर फ्लीस, सर्वांत वर पाऊस अडवणारं जाकीट आणि पँट. फुगीर जाकीट फक्त थांबल्यावर. निघताना थोडी थंडी वाजत असली पाहिजे. सगळं चढवून निघालात तर अर्ध्या तासात घामाने भिजता, आणि घाम म्हणजे आतून आलेला पाऊसच. आपला पोंचो सह्याद्रीत उत्तम, पण तिथल्या वाऱ्यात तो डोक्यावर उडतो. हातमोज्यांचे दोन जोड घ्या, एक ओला होणारच.

स्टोव्ह नेणार असाल तर गॅसचा कॅनिस्टर विमानातून नेता येत नाही, ना हातात ना सामानात, आणि रेल्वेतही ज्वालाग्राही गॅसला मनाई आहे. डेहराडून किंवा ऋषिकेशमध्ये ट्रेकिंगच्या दुकानात घ्या. घेताना त्यावरचं मिश्रण वाचा. नुसता ब्यूटेन शून्याच्या जवळ वायूच होत नाही, त्यामुळे डबा भरलेला असूनही ज्योत मरते. आयसोब्यूटेन-प्रोपेन असलेला घ्या आणि वापरण्याआधी दहा मिनिटं जाकिटात धरा. एक लिटर पाणी उकळायला थंडी-वाऱ्यात पंधरा-वीस ग्रॅम गॅस धरला, तर दिवसाला तीन लिटरप्रमाणे २३० ग्रॅमचा डबा तुम्हाला पुरून उरतो. तंबूच्या आत स्टोव्ह कधीही पेटवायचा नाही. आगीपेक्षाही कार्बन मोनॉक्साइडची भीती जास्त, त्याला वास नसतो आणि एकट्याला हलवून जागं करायला कोणी नसतं. त्या उंचीवर पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळतं, तेव्हा डाळ-तांदूळ शिजवत बसू नका. भाजून ठेवलेला उपम्याचा रवा, पातळ पोहे, सूपची पाकिटं, दशम्या, चिक्की, डिंकाचे किंवा शेंगदाण्याचे लाडू, छोट्या बाटलीत तूप. कोरडं अन्न दिवसाला सहाशे-सातशे ग्रॅम.

वजनाचा हिशेब यातूनच निघतो. रिकामी सॅक पावणेदोन किलो, तंबू सव्वादोन, बॅग पावणेदोन, मॅट पाऊण, कपडे दोन, स्टोव्ह-भांडं-गॅस मिळून पाऊण, औषधं-टॉर्च-पॉवर बँक वगैरे एक, दोन दिवसांचं अन्न दीड, पाणी दोन लिटर. साडेतेरा-चौदा किलो. सारी आणि चोपत्यात जेवण मिळतं, त्यामुळे अन्न याहून जास्त नको. वजन चौदाच्या वर गेलं तर कपडे पुन्हा तपासा, जास्तीचं वजन जवळजवळ नेहमी तिथेच सापडतं.

एकटेपणाचा खरा धोका मात्र वजनात बसत नाही. अंगाचं तापमान उतरायला लागलं की लवकरच विचारशक्ती मंदावते, म्हणजे ज्याच्यावर भिस्त तेच बिघडतं. सोबती असला तर तो म्हणतो, ‘अरे, तू अडखळतोयस.’ एकट्याने ही तपासणी स्वतःच करावी लागते. पावसात दर तासाला अंगठा करंगळीला टेकवून पाहा, दोन्ही हातांनी. जमत नसेल, जाकिटाची चेन लागत नसेल, पाय ठेचकाळत असतील, जीभ जड झाली असेल किंवा विनाकारण चिडचिड होत असेल, तर ‘अजून थोडं पुढे जाऊ’ हा विचार त्या थंडीचाच आहे. जिथे असाल तिथे आडोसा, कोरडे कपडे, गोड खाणं, गरम पाणी. त्यानंतरच पुढचा निर्णय.

घरी किंवा विश्वासू मित्राकडे एक कागद ठेवा. त्यावर प्रत्येक रात्रीची जागा, सारीतल्या आणि चोपत्यातल्या मुक्कामाचे फोन, उखीमठ पोलिस ठाण्याचा आणि वनखात्याच्या कार्यालयाचा नंबर, आणि ‘अमुक दिवशी संध्याकाळी सातपर्यंत फोन आला नाही तर आधी मुक्कामाच्या जागी, मग पोलिसांना कळवायचं’ अशी स्पष्ट वेळ. पुण्यातून ११२ लावला तर तो महाराष्ट्राच्या नियंत्रण कक्षात लागतो, म्हणून तिथले थेट नंबर हवेतच. वर मोबाइलला रेंज येते-जाते, ती नसेल असंच धरा. परदेशातून कुणी उपग्रहावर संदेश पाठवणारं यंत्र आणून देत असेल तर घेऊ नका. दूरसंचार खात्याच्या परवान्याशिवाय ती भारतात बाळगणं बेकायदा आहे आणि विमानतळावर त्यावरून माणसं अडकली आहेत. शिट्टी, हेडटॉर्च आणि जास्तीचे सेल मात्र अंगावरच, सॅकमध्ये नाही.

एप्रिलला अजून अवकाश आहे, तेवढ्यात तीन गोष्टी करून बघा. तंबू गच्चीवर लावून त्यावर पाइपने पंधरा मिनिटं पाणी मारा आणि कुठे झिरपतं ते पाहा. फेब्रुवारी संपायच्या आत भंडारदऱ्याच्या किंवा पाचनईच्या बाजूला, परवानगी असलेल्या जागी, याच बॅग-मॅटवर एक रात्र एकट्याने काढा. तिथे पहाटे गारठून जाग आली तर वर जास्त उबेची बॅग लागणार हे उघड आहे. आणि चौदा किलो पाठीवर घेऊन एकदा कळसूबाई चढून उतरा, म्हणजे गुडघे आणि सॅकचे पट्टे दोन्ही बोलतील.

निघण्याआधी पाच दिवसांपासून हवामान खात्याच्या डेहराडून केंद्राचा रुद्रप्रयाग जिल्ह्याचा अंदाज रोज बघा. तीन हजार मीटरच्या वर बर्फ आणि वादळी पावसाचा इशारा तुमच्या देवरियातालच्या रात्रीवर येत असेल, तर सारीतच थांबा आणि राखीव दिवस वापरा. उखीमठचं ओंकारेश्वर मंदिर, जिथे केदारनाथाची हिवाळी पूजा होते, त्या दिवशी निवांत बघून होईल. दोन दिवस उघडीप नाहीच मिळाली तर तंबू न उघडता परत या, बुरांस पुढच्या एप्रिलातही फुलणारच आहे. आणि परतताना उरलेला गॅस सारीतल्या घरमालकांना देऊन या, विमानतळावर तो तसाही काढून घेतला जाईल.